कामिनीच्या हातची मिरची

मिरची जळत होती आणि दोनशे माणसांतल्या एकालाही ठसका लागत नव्हता.

हे दुसरीकडे कुठं घडलं असतं तर लोक क्षणभर थांबले असते आणि आपल्या कामाला लागले असते. पण हे नंदुरबार. इथं दिवाळी सरली की गावाबाहेरच्या मोकळ्या रानात लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरतात, वारा फिरला की आख्खी वस्ती शिंकते, आणि पाळण्यातलं पोरसुद्धा खोकत खोकतच मोठं होतं. मिरचीच्या बाबतीत आम्हाला कोण शेंडी लावणार, ही इथल्या प्रत्येक नाकाची घमेंड. नवनीतबाबानं नेमकी हीच घमेंड हेरली होती.

त्यात घरोघरची जुनी समजूत त्याच्या मदतीला होतीच. पोर किरकिर करायला लागलं की मीठ-मोहरी-मिरची ओवाळून चुलीत टाकायची. ठसका लागला तर ठीक, नाही लागला तर दृष्ट लागली म्हणायचं. बाबानं ही घरगुती दृष्ट उचलली, तिला भगवी लुंगी नेसवली आणि दर मंगळवारी भरदुपारी एका शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून बसवली.

"भाविकहो!" बाबा धुनीपुढे उभा राहून गरजला. "मूठभर मिरची जळतेय. कुणाला ठसका? नाही! का नाही? मिरचीचं तिखट गेलं कुठं? बाधेनं गिळलं! आत बसलेली बाधा आधी मिरचीचं तिखट खाते, मग माणसाचं रक्त! अरे, डॉक्टरच्या मशीनमध्ये दिसते का बाधा? दिसणार नाही! मशीन दिसण्यासारखं दाखवतं, मी न दिसण्यासारखं दाखवतो!"

या वाक्याचा अर्थ काय, हे दोनशेपैकी एकानंही विचारलं नाही. उलट पुढच्या ओळीतल्या दोन बायांनी हात जोडले.

"आणि गोळी? गोळी म्हणजे बाधेचा खुराक! गिळता तुम्ही, पोसली जाते ती! चार मंगळवार गोळी बंद, औषध बंद. ज्या मंगळवारी ठसका लागेल त्या मंगळवारी समजा, सुटका!"

हा महात्मा चार वर्षांपूर्वी शहाद्याकडच्या गावांत दारोदार फिरून मिक्सर विकायचा. मिक्सर बिघडला की गिऱ्हाईक भांडायला यायचं. म्हणून त्यानं असा माल धरला, जो बिघडला तरी दोष गिऱ्हाइकाचाच निघतो.

गर्दीच्या पार मागं फुलवंताबाई उभ्या होत्या. तीस वर्षं पथारीवर मिरचीचे देठ खुडून आता त्या चाळीस बायांच्या मुकादमीण झाल्या होत्या. बोटं कायमची भाजलेली, जीभ त्याहून तिखट. असल्या शेडकडे त्या एरवी ढुंकूनही पाहत नसत. पण आज धुनीसमोरच्या पाटावर मान खाली घालून बसली होती ती त्यांची नात, रुपा.

रुपा एकोणीस वर्षांची. सोळाव्या वर्षी तिला फिट यायला लागल्या. पहिली फिट तर पथारीवरच आली होती. डॉक्टर अतिकाबाईंनी गोळ्या सुरू केल्या आणि दोन वर्षांत एकदाही पोर पडली नाही. कॉलेजात जायची, स्कूटी सोडून सगळं करायची. मग म्हसावदकडचं एक स्थळ सांगून आलं आणि तिच्या आईच्या, शीलाच्या, डोक्यात किडा शिरला: पोरगी रोज गोळी खाते हे पाहुण्यांना कळलं तर? तिनं गुपचूप बाबा गाठला, रुपाच्या पायातले पैंजण "बाधा बांधून ठेवायला" त्याच्या झोळीत टाकले आणि गोळ्यांची पाकिटं कपाटावरच्या डब्यात दडवली. सासूबाई फुलवंताबाई दिवसभर पथारीवर. त्यांना पत्ताच नाही.

पत्ता लागला तो परवा, रविवारी. रुपा ओट्याशी भाकरी थापता थापता कोसळली. जीभ चावली गेली, तोंडातून रक्तमिश्रित फेस आला. फुलवंताबाईंनी तिला कुशीवर वळवलं, शुद्धीवर आल्यावर पाणी पाजलं आणि गोळ्या शोधता शोधता कपाटावरचा डबा उघडला. पाकिटं भरलेली. त्या तशाच डॉक्टरबाईंकडे गेल्या.

"एकदम बंद केल्या?" अतिकाबाईंचा चेहराच उतरला. "आजी, झटके उलट जोरानं येतात अशानं. एक झटका दुसऱ्याला लागून आला आणि थांबलाच नाही, तर पोर हातची जाईल. आजपासून परत सुरू करा. आजपासून म्हणजे आत्तापासून."

सांगणं सोपं होतं. गिळायची कुणी? रुपानं गोळी तोंडात घेतली आणि परसात जाऊन थुंकली.

"आजी, आते दोनच मंगळवार ऱ्हायनात," ती कळवळून म्हणाली. "गोळी लिधी त बठं वाया जाई. ही फिट म्हणजे बाधा जाताना हिसका देस, बाबानी सांगेल शे."

पाहिलंत? पोर पडली तरी बाबा खरा, उभी राहिली तरी बाबा खरा. एवढी सोयीची विद्या कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. फुलवंताबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या घशात गोळी कोंबता येत नाही. तिचा विश्वास मोडल्याशिवाय ती गोळी आत जाणार नव्हती. म्हणून त्या आज इथं येऊन उभ्या राहिल्या होत्या.

बाबाच्या शेजारी त्याची बायको कामिनी बसली होती. डोक्यावर पदर, नजर जमिनीवर, मांडीवर सूप. सुपात लिंबांची एक ओळ, ओळीच्या दोन्ही बाजूंना लालबुंद मिरच्या. बाबानं हात पुढं केला की ती मूठ भरून द्यायची. एवढंच तिचं काम. भक्त तिला "माताजी" म्हणत आणि उठता उठता तिच्याही पाया पडत.

फुलवंताबाई तिला चांगल्या ओळखत होत्या. कामिनी नऊ वर्षं त्यांच्याच हाताखाली पथारीवर होती. मिरची कशी निवडायची, बोटांनी चाचपून तिची जात कशी ओळखायची, न फोडता देठ कसा काढायचा, सगळं त्यांनीच तिला शिकवलं होतं. असा हलका हात त्यांनी दुसरा पाहिला नव्हता.

धुनीत मूठ पडली तेव्हा एक मिरची बाहेर घरंगळली. आरती संपून गर्दी पांगली तशी फुलवंताबाईंनी ती उचलली आणि सवयीनं कानाशी नेऊन हलवली. सुकी मिरची हलवली की आत बी खुळखुळतं. मिरची चांगली वाळली की नाही हे पथारीवरची कुठलीही बाई असंच बघते.

ही मिरची मुकी होती.

घरी येऊन त्यांनी ती चिरली. आत बी नाही, बियांना धरून असणारा पांढरा गाभा नाही. देठाच्या जागच्या भोकातून कुणीतरी आतलं सगळं ओढून काढलं होतं, साल धुऊन परत वाळवली होती, आणि सालीला कुठं चीर म्हणून नव्हती. त्यांनी ती जिभेवर ठेवली. गाजराइतकीही तिखट लागली नाही.

"तिखट असतं ते त्या पांढऱ्या गाभ्यातच," दुसऱ्या दिवशी अतिकाबाईंनी खुलासा केला. "बियांना ते चिकटतं म्हणून बी तिखट लागतं. मुळात रंगाची, कमी तिखट मिरची घेतली, गाभा काढला, धुतली, की उरतो नुसता लाल कागद. जाळा हवा तेवढा."

म्हणजे हिशेब सरळ होता. पहिले तीन मंगळवार पोकळ मिरची: ठसका नाही, म्हणजे बाधा आहे. चौथ्या मंगळवारी खरी मिरची: ठसका लागला, म्हणजे बाधा गेली. रोगी बरा झाला का, हे बघायची कुणाला गरजच नाही. दोनशे माणसं खोकली की रोगी बरा.

फुलवंताबाईंनी ती चिरलेली मिरची रुपापुढं धरली. रुपानं ती उलटसुलट करून पाहिली आणि हळूच म्हणाली, "बाबाना शक्तीनीच रिकामी व्हयनी हुई."

त्या दिवशी पहिल्यांदा फुलवंताबाईंना भीती वाटली. पोकळ मिरची दाखवूनही जी पोर हलत नाही, तिला जागं करायला आता एकच जागा उरली होती, तिचा बाबा उभा राहतो ती.

रुपाचा बाप, त्यांचा मुलगा भिला, अंगणात मोबाइल चाळत बसला होता. त्यांनी त्याला विचारलं, "तुले माहीत व्हतं का, पोरनी गोळी बंद शे?"

"माहीत व्हतं," भिला मान वर न करता म्हणाला. "पन ते शीलानं काम व्हतं. बायासना गोष्टीमा मी कसाले पडू?"

फुलवंताबाईंनी पायात चपला अडकवल्या. त्या तडक फौजदारांना भेटायला गेल्या.

चौथा मंगळवार उजाडला. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. फौजदार अजित साध्या कपड्यांत एका खांबाला टेकून उभे होते. पुढच्या ओळीत पथारीवरच्या दहा बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या, म्होरकी म्हणून म्हातारी दगूबाई. बाबाला वाटलं भक्त वाढले, आणि त्याचा आवाज आणखी चढला.

"आज या लेकीची सुटका! माता, दे मिरची!"

कामिनीचा हात सुपाच्या उजव्या बाजूला गेला. तेवढ्यात फुलवंताबाईंनी पुढं होऊन सूप धरलं.

कामिनीनं सूप सोडलं नाही. दोघी दोन बाजूंनी ओढत होत्या. दोनशे माणसांसमोर, ओठ न हलवता, कामिनी कुजबुजली, "मावशी, नका."

ते दोन शब्द फुलवंताबाईंनी नीट लक्षात ठेवले. मग सूप हिसकून घेतलं.

"अरे, अरे! मातेच्या सुपाला हात?" बाबा ओरडला. "भस्म व्हाल!"

"तीस वरीस व्हयनात, मी रोज मिरचीमाच भस्म व्हयी ऱ्हायनू," फुलवंताबाई म्हणाल्या आणि उजव्या ढिगातली मूठ धुनीत फेकली.

क्षणात शेड खोकू लागली. बायांनी पदर नाकाला लावले, पुरुषांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातच कुणीतरी घसा फाडून ओरडलं, "बाधा गई! बोला बाबा की जय!" शीला हुंदके देत रुपाच्या गळ्यात पडली.

फुलवंताबाईंनी धूर निवळू दिला आणि डाव्या ढिगातली मूठ टाकली. धूर झाला. ठसका नाही. लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"बाधा परत उनी वाटतं," फुलवंताबाई गंभीरपणे म्हणाल्या आणि उजवी मूठ टाकली. पुन्हा खोकला. डावी टाकली. सामसूम. उजवी. खोकला.

दगूबाईला राहवलं नाही. डोळे पुसत ती खणखणीत आवाजात म्हणाली, "काय व माय, हाई बाधा शे का एसटी? येस नि जास, येस नि जास!"

पहिला हशा पिकला तो बायांच्या ओळीत. मग तो मागं पसरत गेला. बाबाच्या आयुष्यात त्याला शिव्या पुष्कळ मिळाल्या असतील, पण हशाचं औषध त्याच्या झोळीत नव्हतं.

"हा मिरचीचा प्रश्न नाही!" तो किंचाळला. "हा श्रद्धेचा प्रश्न आहे! अपवित्र हात लागला की—"

"बरं," फुलवंताबाईंनी दोन्ही ढिगांतली एक एक मिरची तळहातावर घेतली, मूठ मिटून हलवली आणि त्याच्यापुढं उघडली. "तुन्हा हात त पवित्र शे ना? ह्या दोनमाईन बाधानी कोणती नि सुटकानी कोणती, सांग."

बाबानं मिरच्यांकडे पाहिलं. दोन्ही लाल, दोन्ही लांब, दोन्ही सारख्या. त्यानं हात पुढं केला, मागं घेतला, घाम पुसला. आणि मग त्याची नजर आपोआप बायकोकडे गेली.

ती नजर सगळ्या शेडनं पाहिली. त्रिकालज्ञानी बाबाला त्याच्या चमत्कारातली मिरचीसुद्धा ओळखता येत नव्हती. ओळखत होती ती फक्त सूपवाली.

फुलवंताबाईंनी सूप बायांच्या ओळीत फिरवलं. दहा जणींनी दहा मिरच्या उचलून कानाशी हलवल्या, मोडल्या, आत बोट घातलं. एकीनं आतून बाहेरून साल निरखली आणि मान हलवली. "हाई काम कामिनीनंच शे. असा हात आपली पथारीवर दुसरा कोनाच नही."

रुपा पाटावरून उठली. तिनंही एक मिरची घेतली, मोडली, पोकळी पाहिली. मग दुसरी मोडली. मग तिसरी. सगळं माणसांच्या हातचं होतं. एकीतही शक्ती नव्हती. ती कामिनीकडे वळली. "मावशी, तुमले माहीत व्हतं?"

कामिनीनं पदर तोंडाला लावला. रुपानं आजीपुढं हात पसरला. फुलवंताबाईंच्या कनवटीला गोळी होतीच. दगूबाईनं पाण्याची बाटली पुढं केली आणि दोनशे माणसांसमोर रुपानं ती गोळी गिळली. फुलवंताबाईंना तिथंच रडू फुटलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

पुढं जे झालं ते जास्त ओंगळ होतं. फौजदारांनी खांद्यावर हात ठेवताच बाबाची पाचावर धारण बसली. "साहेब, मिरचीतलं मला काय कळतं? सगळं हिचं डोकं! मी आपला साधा मिक्सरवाला!" ज्या बायकोला आत्ताच माता म्हणून हाक मारली होती, तिला त्यानं एका दमात पुढं ढकललं. आणि कामिनीनं गळा काढला, "यानीच माले कराले लायं! मी नही म्हनू त मारे!"

आणि गर्दी? जी गर्दी अर्ध्या तासापूर्वी बाबाच्या पाया पडत होती, तीच आता कामिनीच्या बाजूनं झाली. बिचारी, नवऱ्यापुढं बाईमाणूस काय करील. विचार करायचा कंटाळा आला की माणसं दया करतात. तेवढीच मनाला बरं वाटण्याची सोय. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ही दया इतकी फोफावली की कामिनीचं नाव तक्रारीतून काढा म्हणून पाचसहा जण फौजदारांकडे निघाले. पुढं होता भिला.

त्याच दुपारी, फौजदारांनी जबाब होईपर्यंत घरी सोडलेली कामिनी स्वतः पथारीवर आली. बाया जेवायला सावलीत गेल्या होत्या. फुलवंताबाई ढिगाशी बसून मिरची निवडत होत्या. कामिनी समोर उकिडवी बसली आणि सवयीनं तिचेही हात ढिगात गेले.

"मावशी, आज तुमना जबाब शे. फौजदारले सांगा, कामिनीले काई समजे नही. नवरानी सांगं, तिनी करं. तुमना शब्दवर माले सोडतीन."

"मारे का तो तुले?" फुलवंताबाईंनी विचारलं.

कामिनीनं बाही वर केली. दंडावर जुना काळा डाग होता. फुलवंताबाईंनी तो बोटानं चाचपला. खरा होता.

"मंग हाई बी लिखाडूत. मी येस तुन्हासंगे, साक्ष देस. त्यानी मारं त्याना गुन्हा त्याना डोकावर." त्या थांबल्या. "आते मन्हा एक सवालना जवाब दे. रुपानी गोळी बंद शे, हाई तुले कधय समजनं?"

कामिनीचे हात ढिगात थांबले. "पहिला मंगळवारले. शीलाभाभीनीच सांगं. बायासनी रांगमा."

"तधय तुन्हा नवरा कोठे व्हता?"

"शेडमा. धुनीपाशी."

"म्हणजे रांगमा तू नि शीला. तो आयकत नव्हता. शीलाना कानमा 'भाभी, गोळी बंद करू नको' इतलं सांगं असतं, त त्याले समजतं का?"

कामिनीनं हात ढिगातून काढून घेतले.

"पहिली फिट उनी तधय रुपानं डोकं कोनी मांडीवर लिधं व्हतं, ह्याच पथारीवर?"

"मीच," कामिनी पुटपुटली. मग एकदम तिचा बांध फुटला. "चार मंगळवारनी त गोष्ट व्हती, मावशी! इतला दिनमा काय व्हई, असं वाटनं माले. आनि लोके मन्हा पाया पडेत व. माताजी म्हनेत. आठे नऊ वरीस काम करं, कोन पडनं मन्हा पाया? कोनी नाव तरी धड लिधं का?"

हे ऐकून फुलवंताबाई क्षणभर ढिल्या पडल्या. यात खोटं काहीच नव्हतं. नऊ वर्षं या पोरीच्या हलक्या हाताचं कौतुक त्यांनी मनात केलं होतं, तोंडानं कधी नाही. पण दुसऱ्याच क्षणी त्यांना रविवारची रुपा आठवली, ओट्याशी पडलेली, तोंडातून रक्त येणारी.

"पाया पडाले लोके पाहिजेत म्हनीसन मन्ही पोर मारत व्हतीस का?" त्या उठल्या. "आयक. एक मिरचीना गाभा काढाले किती टाइम लागस, तुलेबी माहीत नि मालेबी. दर मंगळवारले मूठ मूठ मिरची. कोठे चीर नही, कोठे फाटेल नही. धाक खाणाऱ्या हातले असं काम जमत नही, कामिनी. हात थरथरस. तुन्हा हात थरथरना नही. मंगळसूत्र गळामा ऱ्हास, हातमा नही. मी खोटं सांगाव नही."

कामिनीनं त्यांचे पाय धरले. फुलवंताबाईंनी ते सोडवून घेतले आणि हातपाय धुवायला गेल्या.

ठाण्यात भिला आणि त्याची मंडळी आधीच बाकावर बसली होती. फुलवंताबाईंनी सगळं सांगितलं: मिरची, गाभा, सूप, "मावशी, नका" हे दोन शब्द, बायांची रांग. दंडावरचा डागही सांगितला. फौजदार लिहीत होते.

"आजी, ती बायको आहे म्हणून गुन्हेगार, असं आम्ही लिहीत नाही," ते म्हणाले. "आणि बायको आहे म्हणून निर्दोष, असंही नाही. जादूटोण्याच्या कायद्यात करणाऱ्याला मदत करणाराही येतो. कळून मदत केली का, एवढाच प्रश्न."

"कळीसनच करी," फुलवंताबाई म्हणाल्या. "तिन्हाबिगर तो नुसता लुंगीमाधला मिक्सरवाला शे."

बाकावरून भिला उठला. "माय, असं काय करस? बाईमाणूस शे ती. नवरा सांगी ते तिले करनंच पडी. घरमा ज्यानं त्यानं काम ऱ्हास."

फुलवंताबाई सावकाश त्याच्याकडे वळल्या. मग फौजदारांना म्हणाल्या, "साहेब, आजून एक नाव लिखा."

"कुणाचं?"

"भिला. मन्हा आंडोर. रुपाना बाप. शीलानी गोळी बंद करी हाई त्याले पहिला दिनपासून माहीत व्हतं. पोर भाकरी थापता पडनी तरी तो बोलना नही. का, त 'ते शीलानं काम व्हतं.'"

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. "आजी, घरात गप्प बसला म्हणून याला मी या कलमात नाही बसवू शकत."

"कलममा नका बसाडू. पन जे घडनं ते लिखा. आज हाऊ ठाण्यामा कामिनीनी वकिली कराले उना, कारन तिले सोडं त ह्यालेबी सुटाले वाट शे. बायको बोट दखाडस नवराकडे, नवरा बोट दखाडस बायकोकडे, आनि मधमा मन्ही पोर मरस."

भिलाच्या तोंडचं पाणी पळालं. "माय," तो कसाबसा म्हणाला, "मी बाप शे तिन्हा."

"म्हनीसनच सांगी ऱ्हायनू."

भिलाबरोबर आलेले एकेक करून बाहेर पडले. शेवटी तो टेबलाशी आला, खुर्ची ओढली आणि फौजदारांसमोर बसला. "लिखा साहेब," तो म्हणाला. "माले माहीत व्हतं."

फौजदारांनी नवा कागद घेतला.

वाचणाऱ्यांनो, नवनीतबाबा आज ना उद्या जामिनावर सुटेल आणि दुसऱ्या गावात दुसरं काही जाळील. त्याला ओळखायला पदवी लागत नाही. जो डॉक्टरला न विचारता चालू औषध बंद करायला सांगतो, तो लुटारू आहे, मग तो भगव्यात असो की तुमच्याच घरात असो. त्याला तिथल्या तिथं विचारा, कशावरून? उत्तर मिळालं नाही तर डॉक्टरकडे जा. आणि तुमच्या शेजारी बसलेलं माणूस, नवरा असो की बायको, त्याच्या पापात तुमचा हात किती, हे दुसरं कुणी ठरवायच्या आत तुम्हीच स्वतःला विचारा. तुम्हाला माहीत होतं का? माहीत असूनही गप्प बसलात का? बसला असाल तर आज तोंड उघडा, कारण गोळी उद्या सकाळीही घ्यायची असते.